आयक्यू किती आला? ऑटिझम, बुद्धी आणि रिपोर्टातला तो आकडा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका आईने तिच्या मुलाचा रिपोर्ट मला वाचायला दिला. मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक, बोलण्यात मोजून वीस-पंचवीस शब्द. प्लास्टिकच्या फोल्डरमधली सात पानं आणि शेवटच्या पानावर निळ्या पेनाने दोनदा अधोरेखित केलेला आकडा: 58. तो बघून शाळेने सांगितलं होतं, "याला अक्षरओळख कशाला? रोजच्या सवयी शिकवा, तेवढं पुरे." आम्ही बोलत होतो तेव्हा तो माझ्या टेबलाखाली बसून, मी रद्दीत टाकायला काढलेल्या प्रूफांची पानं क्रमांकाप्रमाणे लावत होता. एकपासून चौसष्टपर्यंत. गठ्ठ्यात 41 वं पान नव्हतं. तिथे त्याने एका पानाएवढी जागा मोकळी सोडली होती.

मीही ऑटिस्टिक आहे. मुद्रितशोधनाचं काम करते. माझं निदान वयाच्या 33 व्या वर्षी झालं आणि असाच एक रिपोर्ट माझ्याही कपाटात आहे. माझी तक्रार मात्र उलटी आहे. माझे आकडे बघून मला विचारलं गेलं, "बुद्धी तर उत्तम आहे, मग अडचण कसली?" त्या मुलाला आकड्यामुळे शिक्षण मिळेना, मला आकड्यामुळे मदत मिळेना. एकाच मोजपट्टीने दोन उलट्या चुका कशा होतात, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण घरोघरी हा रिपोर्ट निकालपत्रासारखा वाचला जातो.

आधी शब्दांबद्दल थोडं. ऑटिझम म्हणजे मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण. माणसांशी संवाद, आवाज-प्रकाश-स्पर्श यांचा अनुभव, बदलाला सामोरं जाणं, एखाद्या विषयात खोल बुडणं, हे सगळं त्यात वेगळ्या रीतीने होतं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. मी तो शब्द टाळते, कारण मी स्वतःत मग्न नसते. बहुतेक वेळा बाहेरचं सगळंच एकदम आत येत असतं. आणि आयक्यूला मराठीत बुद्ध्यंक म्हणतात. बुद्धि अधिक अंक, म्हणून बुद्ध्यंक.

हा आकडा आला कुठून?

1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली वापरण्याजोगी बुद्धिचाचणी तयार केली. हेतू साधा होता. वर्गात मागे पडणारी, जास्तीची मदत लागणारी मुलं शोधायची आणि त्यांना ती मदत द्यायची. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी गोष्ट आहे असं मानणाऱ्यांना बिनेंचा स्पष्ट विरोध होता.

1912 मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी भागाकार सुचवला: मुलाचं मानसिक वय भागिले खरं वय. पुढे त्याला शंभराने गुणायची पद्धत पडली. आठ वर्षांचं मूल दहा वर्षांच्या मुलासारखी उत्तरं देत असेल तर आकडा 125. आज असा भागाकार कुणी करत नाही. आज तुमची तुलना तुमच्याच वयाच्या लोकांशी होते. सगळ्यांची सरासरी 100 धरलेली असते आणि साधारण 68 टक्के लोक 85 ते 115 मध्ये बसतात. सत्तरच्या खाली शंभरातले दोन-एक जण. म्हणजे बुद्ध्यंक ही रांगेतली जागा आहे. वजनकाट्यावर किलो दिसतात तसं डोक्यात किती बुद्धी भरली आहे हे तो दाखवत नाही.

रांग म्हटली की ती कुणाची, हा प्रश्न आलाच. आपल्याकडे डॉ. कामत यांनी 1930 च्या दशकात बिनेंची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. ती बिने-कामत चाचणी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेश्लर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप मॅलिन यांनी नागपुरात तयार केलं, 1969 साली. या दोन्ही चाचण्या आजही वापरात आहेत. आजचं मूल कुठल्या काळातल्या, कुठल्या मुलांच्या रांगेत उभं केलं जातंय, हे रिपोर्ट हातात धरणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही.

एका आकड्यात दहा चाचण्या

जगभर सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या चाचण्या डेव्हिड वेश्लर यांच्या परंपरेतल्या. पहिली 1939 ची. ही एक चाचणी नसून छोट्या-छोट्या चाचण्यांचा संच असतो. शब्दांचे अर्थ सांगा, दोन वस्तूंतलं साम्य सांगा, लाल-पांढऱ्या ठोकळ्यांतून नक्षी जुळवा, ऐकलेले आकडे उलटे म्हणा, ठरलेल्या वेळात चिन्हं उतरवून काढा. या सगळ्यांचे गुण एकत्र करून शेवटचा आकडा येतो.

बहुतेकांच्या बाबतीत हे गुण एकमेकांच्या आसपास असतात, त्यामुळे बेरीज-सरासरी चालून जाते. ऑटिस्टिक माणसांत मात्र एक गुण आभाळात आणि दुसरा तळाशी, असं वारंवार दिसतं. सातारा जिल्ह्याचा पाऊस आठवा. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी काढता येते, आकडा खोटाही नसतो. पण त्या आकड्यावर माणमधल्या शेतकऱ्याने पीक ठरवलं तर तो बुडेल, आणि महाबळेश्वरात कुणी घराचं छप्पर बांधलं तर ते गळेल.

माझ्या रिपोर्टात भाषेचा निर्देशांक (त्या गटातल्या छोट्या चाचण्यांचा मिळून आकडा) 132 आहे आणि वेगाचा 79. वेग मोजायला दोन मिनिटांत अंकांखाली चिन्हं उतरवायची होती. मला चिन्हं पाठ झाली होती, पण प्रत्येक चिन्ह चौकटीत नेमकं मध्यभागी आल्याशिवाय हात पुढे जाईना. एक कोपरा रेषेला लागला म्हणून मी ते खोडून पुन्हा काढलं. घड्याळ चालूच होतं. हीच खोड माझं पोट भरते. अनुस्वार सरकला तरी मला दिसतो. चाचणी घेणाऱ्या बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं की निर्देशांकांत एवढं अंतर असताना एकत्रित आकडा देण्यात अर्थ नाही. असं लिहिणारा तज्ज्ञ भेटणं ही नशिबाची गोष्ट आहे, आणि ती नशिबावर सोडलेली असू नये.

चाचणीच्या खोलीत काय मोजलं जातं?

अनोळखी खोली, अनोळखी माणूस, टेबलापलीकडून रोखलेली नजर, वर खरखरणारा पंखा. यातलं एकेक सांभाळण्यातच निम्मी शक्ती जाते. त्यात सूचना तोंडी, उत्तरं तोंडी, आणि बरेच प्रश्न समाजात काय करायचं असतं याबद्दलचे. खरे प्रश्न गुप्त ठेवतात, म्हणून त्या धर्तीचा एक मीच बनवते: "आई बाहेर गेली असताना घरी पाहुणे आले तर काय करशील?" अपेक्षित उत्तर: बसायला सांगेन, पाणी देईन. ऑटिस्टिक मूल विचारेल, "कोणते पाहुणे?" आणि खरं तर हा जास्त शहाणपणाचा प्रश्न आहे. पण गुणतक्त्यात तो बसत नाही.

उलट ठोकळ्यांच्या नक्षीत अनेक ऑटिस्टिक मुलं पटकन पुढे जातात. उटा फ्रिथ आणि अमिटा शाह या संशोधकांनी 1993 मध्ये याचं कारण दाखवलं. इतरांना आधी अख्खी नक्षी दिसते आणि ती मनात फोडावी लागते. नक्षीचे तुकडे आधीच सुटे करून दाखवले तर इतरांचं काम सोपं झालं. ऑटिस्टिक मंडळींना त्या मदतीचा फारसा फायदा झाला नाही, कारण तुकडे त्यांना आधीच दिसत होते.

आमच्या सोसायटीतल्या मुलाच्या रिपोर्टात तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: मूल जागेवर बसले नाही, बऱ्याच प्रश्नांना प्रतिसाद नाही. आणि तरी शेवटच्या पानावर 58. प्रतिसाद मिळाला नाही याचा अर्थ मोजता आलं नाही. कागदावर मात्र तो "येत नाही" असा उतरला.

चाचणी बदलली तर आकडा बदलतो?

बदलतो, कधीकधी धक्का बसेल इतका. मॉन्ट्रियलमध्ये लोरां मोट्रों यांच्या संशोधनगटात मिशेल डॉसन नावाच्या संशोधक आहेत. त्या स्वतः ऑटिस्टिक, आधी कॅनडाच्या टपाल खात्यात पत्रं वाटायच्या. 2007 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 38 ऑटिस्टिक मुलांना दोन चाचण्या दिल्या. एक वेश्लरची. दुसरी रेव्हनची, जिच्यात जवळजवळ बोलावंच लागत नाही: नक्षीतला एक तुकडा गाळलेला असतो, खालच्या पर्यायांतून योग्य तुकडा निवडायचा.

शंभर समवयस्क मुलांची रांग डोळ्यापुढे आणा. वेश्लरच्या चाचणीत ही मुलं सरासरी 26 जणांच्या पुढे होती. रेव्हनच्या चाचणीत तीच मुलं 56 जणांच्या पुढे. वेश्लरप्रमाणे एक तृतीयांश मुलं बौद्धिक दिव्यांगत्वाच्या पट्ट्यात गेली असती. रेव्हनप्रमाणे फक्त 5 टक्के. ऑटिस्टिक नसलेल्या मुलांत असं अंतर दिसलं नाही.

याच परंपरेतला 2015 चा एक अभ्यास माझ्या मनात घर करून आहे. 30 ऑटिस्टिक मुलं घेतली, सगळी अजिबात न बोलणारी किंवा अगदी थोडं बोलणारी. नेहमीची वेश्लर चाचणी त्यांतल्या एकालाही पूर्ण करता आली नाही. पण रेव्हनच्या चाचणीचं लाकडी फळीवर तुकडे बसवायचं रूप दिल्यावर 17 मुलांनी ती पूर्ण केली. या 17 जणांच्या घरीही असाच एखादा रिपोर्ट असणार.

मग रेव्हन घेतली की झालं?

नाही. रेव्हन एका प्रकारचा तर्क मोजते; भाषा, स्मरण, व्यवहार काहीच मोजत नाही. शिवाय नंतर युरोपात झालेल्या अभ्यासात हा फरक सरसकट दिसला नाही. मुख्यतः ज्यांचा वेश्लरचा आकडा कमी होता, त्यांच्यातच तो ठळक होता. तरीही माझ्या मते हे फार महत्त्वाचं आहे, कारण आकडा कमी आल्यावर ज्यांचं शिक्षण थांबतं ती हीच मुलं.

आम्ही स्वतःला हुशार समजतो का?

हा प्रश्न आम्हाला क्वचितच विचारला जातो. माझ्यापुरतं उत्तर असं: मी आयुष्यभर एकाच दिवसात हुशारही असते आणि ढही. सकाळी पाचशे पानांच्या कोशातली चुकीची नोंद मी शोधलेली असते आणि दुपारी गॅस एजन्सीला फोन करायचा म्हणून तासभर हातात मोबाइल धरून बसलेली असते. "एवढी हुशार आणि साधं हे जमत नाही?" हे वाक्य मी घरात, शाळेत, नोकरीत इतकं ऐकलं की तीस वर्षं मला वाटायचं, मी आळशी आहे. निदान झाल्यावर ते वाक्य पहिल्यांदा चूक ठरलं. ज्यांना लहानपणी "हुशार" म्हणून सोडून दिलं गेलं, अशा माझ्या ओळखीच्या ऑटिस्टिक प्रौढांकडून थोड्याफार फरकाने हेच ऐकते.

टेंपल ग्रँडिन यांचं नाव अनेकांना माहीत असेल. साडेतीन वर्षांपर्यंत त्या बोलत नव्हत्या. पुढे कोलोराडो राज्य विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. त्या सांगतात की त्यांचा विचार चित्रांत चालतो. गुरांच्या गोठ्याचा आराखडा त्या मनातल्या मनात फिरवून बघतात, पण बीजगणित त्यांना कधीच जमलं नाही, कारण त्याचं चित्र दिसत नाही. आपल्या बुद्धीबद्दल बोलण्याची ही पद्धत मला पटते. किती आहे यापेक्षा कशी चालते, हे त्यातून कळतं.

"हाय फंक्शनिंग" आणि "लो फंक्शनिंग" हे शब्द आमच्यातल्या अनेकांना याचसाठी नकोसे वाटतात. पहिला शब्द त्रास झाकतो, दुसरा क्षमता झाकतो.

पण आमच्या आतही एक गोष्ट आहे आणि ती मला टोचते. काही ऑटिस्टिक लोक आपला मोठा आकडा पदकासारखा मिरवतात. "आम्ही ऑटिस्टिक आहोत, मतिमंद नाही" असं वाक्य कानावर येतं. ज्याने आयुष्यभर अपमान सोसला त्याने मिळेल तो आधार घट्ट धरावा, हे मला समजतं. पण त्या वाक्यात कुणाला तरी मागे ढकललेलं असतं. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनी 1944 मध्ये ज्या मुलांबद्दल लिहिलं, त्यांतल्या हुशार मुलांचं त्यांना कौतुक होतं. त्याच काळात "शिकवण्यापलीकडची" ठरवलेली मुलं त्यांनी आम श्पीगेलग्रुंड या संस्थेत पाठवल्याची कागदपत्रं इतिहासकार हेरविग चेक यांनी 2018 मध्ये प्रकाशात आणली. तिथे नाझी राजवटीत दिव्यांग मुलांना मारलं जात होतं. बुद्धीवरून माणसाची किंमत ठरवायला लागलं की वाट कुठे जाते, हे त्या कागदांत लिहिलेलं आहे. आस्पर्गर यांच्या नावावरून पडलेलं "आस्पर्गर" हे वेगळं निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतून 2013 मध्ये काढलं गेलं, त्याची कारणं शास्त्रीय होती. पण मला तो शब्द आता तोंडात घ्यावासाच वाटत नाही.

"म्हणजे सगळीच ऑटिस्टिक मुलं छुपी जीनियस?"

अजिबात नाही, आणि या समजाने आईबापांचं फार नुकसान केलं आहे. अमेरिकेच्या सरकारी पाहणीत 2020 साली आठ वर्षांच्या ज्या ऑटिस्टिक मुलांच्या बुद्धिचाचणीची माहिती उपलब्ध होती, त्यांतल्या सुमारे 38 टक्के मुलांचा आकडा 70 किंवा त्याखाली होता. काही दशकांपूर्वी पुस्तकांत हे प्रमाण तीन चतुर्थांश असं छापलं जायचं. निदानाची व्याख्या रुंदावली, चाचण्या सुधारल्या, आणि प्रमाण उतरलं. तरी 38 टक्के म्हणजे थोडीथोडकी मुलं नव्हेत. त्यांतल्या काहींचं मोजमाप चुकलेलं असेल, काहींना खरोखरच बौद्धिक दिव्यांगत्व असेल. त्यांनाही शिकण्याचा हक्क आहे, आणि तो मिळवण्यासाठी त्यांनी रेल्वेचं वेळापत्रक पाठ म्हणून दाखवायची गरज नाही.

आपला 2016 चा दिव्यांग हक्क कायदासुद्धा ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगत्व यांच्या व्याख्या वेगवेगळ्या देतो. एक असलं म्हणजे दुसरं असेलच असं नाही; दोन्ही असू शकतात.

"आकडा चांगला आहे, मग मदत कशाला?"

कारण बुद्ध्यंक आणि रोजचं जगणं यांची गाठ ऑटिझममध्ये फार सैल असते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या 2,225 ऑटिस्टिक मुला-तरुणांच्या नोंदी तपासून संशोधकांनी दाखवलं की आकड्यावरून त्यांच्या रोजच्या व्यवहारकौशल्याचा अंदाज नीट बांधता येत नाही. ज्यांना बौद्धिक दिव्यांगत्व नव्हतं, त्यांच्यात तर बुद्धी आणि व्यवहार यांतलं अंतर मोठं होतं. वर्गात पहिला येणारा मुलगा डबा उघडायला विसरतो, शर्टाच्या लेबलाने बेजार होतो, गोंगाटात उलटी करतो. भारतात ऑटिझमची तीव्रता पाहायला वापरतात त्या इसा मोजपट्टीत 40 बाबी आहेत, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. त्यांत नातेसंबंध, भावना, बोलणं, वागणं, संवेदना अशा गोष्टी येतात. मदत किती लागेल हे बघायचं असेल तर अशा गोष्टींकडे बघावं लागतं.

मग ही चाचणी करूच नये?

करावी. बिनेंच्या हेतूने करावी. कुठे बळ आहे आणि कुठे आधार हवा, हे कळायला नीट घेतलेली चाचणी खूप उपयोगी पडते. माझा वेगाचा 79 कळल्यापासून मी कामाची मुदत मागताना संकोच करत नाही. फक्त रिपोर्ट हातात आला की शेवटच्या पानाआधी मधली पानं वाचा. कोणती चाचणी वापरली? प्रत्येक उपचाचणीचे गुण किती, त्यांत अंतर किती? मूल आदल्या रात्री नीट झोपलं होतं का, त्या दिवशी आजारी होतं का, खोलीत आई होती का? बोलून उत्तर द्यावं लागत होतं का? मूल उत्तरं देऊ शकलं नसेल तर "मोजता आलं नाही" असं स्पष्ट लिहून मागा. असं विचारण्यात तज्ज्ञांचा अपमान नाही. चांगल्या तज्ज्ञाला हे प्रश्न आवडतात.

सोसायटीतल्या त्या मुलाच्या आईने हे प्रश्न विचारले. दुसऱ्या एका मानसतज्ज्ञ बाईंनी पुन्हा वेळ दिला: पंखा बंद, आई शेजारी, आणि रेव्हनची लाकडी फळी. तीन संच, प्रत्येकी बारा नक्ष्या. पहिल्या दिवशी त्याने दोन संच बसवले, तिसऱ्याच्या वेळी उठून खिडकीपाशी गेला. बाईंनी बळजबरी केली नाही; तिसरा संच पुढच्या शनिवारी आहे. आकडा काय येईल ते येईल. अक्षरओळख मात्र आईने त्याची वाट न बघता घरी सुरू केली आहे. परवा तो पुन्हा माझ्या टेबलाखाली होता. एक पान वर आणून त्याने कोपऱ्यातल्या क्रमांकाआधी छापलेल्या "पृ." वर बोट ठेवलं, आणि मी वाचून दाखवेपर्यंत काढलं नाही.